आडवा धरलेला उजेड

साळुंकेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांची बॅटरी माझ्या पर्समध्ये होती. नऊ दिवसांपासून होती. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालायचे ते सेल. मी जालना रोडवर रिक्षात बसले होते, सुमनकाकूंचा नंबर दिसला आणि फोन उचलायच्या आधीच कळलं. काकू एवढंच म्हणाल्या, "गेले गं." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला आणि रुमालाच्या आधी बॅटरी हाताला लागली. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि गाणं बंद केलं. चांगला माणूस होता. त्यानं उस्मानपुऱ्यात काकांच्या दारापाशी सोडलं आणि मला उतरायला सुचेपर्यंत थांबला.

रंगनाथ साळुंके हे नाव शहरात फार लोकांना ठाऊक नसेल. पण ज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत इथं जुनं घर विकत घेतलं, त्यांच्यापैकी काहींना ते नक्की आठवेल, आणि दलालांना तर झोपेतही आठवेल. काका फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांची घरं तपासून द्यायला लागले. कुणी घर घ्यायचं म्हटलं की व्यवहार ठरण्याआधी काकांना घेऊन जायचा. काका भिंती बघायचे, स्लॅब बघायचे, टाकीखाली वाकायचे, न्हाणीत पाणी सोडून अर्धा तास स्टुलावर बसून राहायचे. मग दोन पानी अहवाल. "घ्या" किंवा "घेऊ नका" ते कधी लिहायचे नाहीत. काय आहे ते लिहायचे, आणि खाली सही. मी डिप्लोमा करून एका बिल्डरच्या ऑफिसात सहा वर्षं खुर्ची झिजवली होती. तिथं घरातले दोष लपवायला शिकले. काकांकडे आले ते दोष शोधायला... आठ वर्षं त्यांच्यासोबत फिरले. गिऱ्हाइकासमोर मला ते मंजूताई म्हणायचे, आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की पोरी.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका घरात मी भिंतीसमोर उभी राहून बॅटरी मारली आणि ठणकावून सांगितलं, भिंत चांगली आहे. काकांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली, भिंतीजवळ गेले आणि ती भिंतीला जवळजवळ टेकवून, उजेड भिंतीवरून सरपटत जाईल अशी धरली. आणि जी भिंत आत्तापर्यंत गुळगुळीत होती तिच्यावर एकदम डोंगरदऱ्या उगवल्या. पुट्टीचे फुगवटे, ओलीनं सुटलेले पापुद्रे, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, वरून रंग फासलेली भेग. "समोरून उजेड टाकला की सगळ्याच भिंती गोऱ्यागोमट्या दिसत्यात," काका म्हणाले. "आडवा धर. मंग खरं बोलत्यात." मी थोरामोठ्यांची वचनं वहीत लिहून ठेवणाऱ्यांतली नाही, उलट अशा वचनांची मला चीडच येते. पण हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच.

साहजिकच, या माणसाला बॅटरी निवडायची म्हणजे सोहळाच असायचा. गुलमंडीत त्यांचं एक ठरलेलं दुकान होतं. बोळात, चिंचोळं, वरपर्यंत माल भरलेलं. काका गेले की दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भिंतीपाशी जायचे आणि एकेक बॅटरी मागवायचे. शर्टाच्या खिशात मावली पाहिजे, पण वाकल्यावर बाहेर पडता कामा नये. गोल नळकांडं नको, स्लॅबवर ठेवली की गडगडत जातं. एक बाजू तरी चपटी हवी. बटण अंगठ्याखाली हवं, बुडाशी नको, आणि सिमेंटनं भरलेल्या बोटांनीही दाबता आलं पाहिजे. दाबलं की लागावी, दाबलं की विझावी, मध्येच लुकलुकायचे चाळे नकोत. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे. आणि मुख्य म्हणजे उजेड बेताचा, मधोमध डोळ्यांत खुपणारा ठिपका नसलेला, कडेला हळूहळू विरत जाणारा. "लई उजेड म्हणजे लई दिसतं असं नाय," ते म्हणायचे, "लई उजेडात बारीक भेग पुसून जाती." हे सगळं जमलं तरी शेवटची परीक्षा राहायचीच. कमरेइतक्या उंचीवरून ती बॅटरी ते दुकानाच्या फरशीवर सोडून द्यायचे. दुकानदार मुश्ताकभाई कपाळाला हात लावायचे. एकदा न राहवून म्हणाले, "साब, बॅटरी लेने कू आए की लडकी देखने कू?" काका शांतपणे म्हणाले, "लडकी गिरा के देखते नहीं, भाई." मुश्ताकभाई इतके हसले की त्यांनी आम्हाला चहा पाजला. तीच बॅटरी काकांनी पुढं सहा वर्षं वापरली. तिच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, घामानं निसटू नये म्हणून.

म्हणून दीड-दोन वर्षांपूर्वी काका जेव्हा दुसरी बॅटरी घ्यायला निघाले तेव्हा मला नवल वाटलं. जुनी चांगली चालत होती. ती त्यांनी मला देऊन टाकली आणि स्वतःसाठी मोठी, भगभगीत उजेडाची घेतली. चार महिन्यांनी आणखी मोठी. मग एक अशी आणली की खिशात मावेना, तिला खांद्याला पट्टा होता. भिंतीवर मारली की चुन्याची भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मी चिडवायची, "काका, वरात काढायचीय का कुणाची?" ते हसायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला एखादा नाद लागतो, कुणाला घड्याळांचा, कुणाला औषधांचा, यांना बॅटऱ्यांचा. ज्या माणसानं लई उजेड म्हणजे लई दिसणं नाही असं मला शिकवलं, तो स्वतःच उजेड वाढवत चालला होता... आणि मी त्यावर विनोद करत होते.

कळलं ते चिकलठाण्यात. विमानतळापलीकडं नवी घरं झालीत, त्यातलं एक कुणी दुसऱ्यांदा विकत होतं. ताजा रंग. काकांनी झोपायच्या खोलीत भिंतीसमोर उभं राहून बॅटरी मारली. समोरून. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कोरडी हाय, लिही." आणि पुढच्या खोलीत गेले. मी लिहिलंसुद्धा. मग सवयीनं जुनी बॅटरी काढून भिंतीला टेकवली. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंत फुगलेली होती, पलीकडच्या न्हाणीतली ओल जशी चढते तशी, एका ओळीत. चपलेनं ठोकलं असतं तरी पोपडा गळून आला असता. मी "कोरडी" हा शब्द खोडला, ओलीचं माप लिहिलं आणि काकांच्या मागं गेले. त्यांना काही बोलले नाही. एखादवेळेस होतं, असं मनाशी म्हटलं.

एखादवेळेस नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या मागून प्रत्येक खोली पुन्हा तपासली. ते पुढच्या खोलीत गेले की मी मागं रेंगाळायची, बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करायची, फोन आल्याचं सोंग करायची. अहवालात मी बघितलेलं लिहायची आणि ते सही करायचे. पूर्वी अहवालाची ओळ न् ओळ वाचून माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणारे काका, आता मी बोट ठेवीन तिथं सही करायचे. लोकांची फसवणूक झाली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. एकही भेग सुटली नाही. पण काकांना का सांगितलं नाही, हे मात्र सांगताना छाती ठोकता येत नाही. त्यांचं मन मोडेल असं वाटलं, हे खरंच आहे. दलालांच्या तोंडावर दार लावून वीस-वीस वर्षांची ओळख तोडणाऱ्या माणसाजवळ त्याच्या नजरेवाचून दुसरं काय होतं? पण त्यात माझाही स्वार्थ होता. लोक साळुंकेसाहेबांची सही बघून यायचे. ते घरी बसले असते तर मला कोण बोलावणार होतं? दयेच्या पोटात असा स्वार्थ लपून बसलेला असतो, आणि त्याला बाहेर काढायला फार वेळ लागतो.

शेवटचा दिवस बीड बायपासच्या मागच्या एका दुमजली घरातला. घर अर्धवट राहिलेलं, जिन्याला कठडा नाही, खिडक्यांना काचा नाहीत. चढताना काका एका पायरीवर थांबले, बुटाच्या टोकानं कड चाचपली आणि म्हणाले, "ही तुटलीय. वरून तिसरी. लिहून घे." मी लिहून घेतलं. माझ्या वहीत ते आजही आहे. गच्चीवर एप्रिलचं ऊन नुसतं ओतत होतं. पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत काका वाकले आणि भर दुपारी ती पट्ट्याची बॅटरी आत मारली. टाकीच्या बुडाशी आडवी भेग होती, नख जाईल इतकी रुंद. मला उभ्याउभ्या दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग वैतागून म्हणाले, "ह्या बॅटरीत दमच नाय. उद्या गुलमंडीला जाऊन दुसरी बघू."

मी वर्षभराची दमले होते. ऊन होतं, तहान लागली होती, खाली घरमालक घाई करत होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मी म्हणाले, "काका, दोष बॅटरीत नाही."

ते उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं... माझ्या चेहऱ्याकडे, पण जरा बाजूला. खांद्यावरून पट्टा काढला आणि बॅटरी माझ्या हातात दिली. "मग ही तुझ्याकडंच राहू दे," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. जिन्याकडं वळले. मला वाटलं, थोडा वेळ एकटं राहू द्यावं, आणि मी मुद्दाम टाकीकडं तोंड करून वहीत काहीतरी खरडत बसले. त्या लख्ख उन्हातून जिन्याच्या अंधारात शिरताना चांगल्या डोळ्यांनाही क्षणभर काही दिसत नाही. मला आवाज ऐकू आला. वरून तिसरी पायरी.

रुग्णालयात काका नऊ दिवस होते आणि एकदाही नीट शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काकूंना विचारलं, यांना काचबिंदू होता हे तुम्हाला माहीत नव्हतं का? नसा सुकत आल्यात, दोन-तीन वर्षांचं दुखणं दिसतंय, वेळेत आले असते तर थेंबांनी थोपवता आलं असतं. काकू बाहेर व्हरांड्यात आल्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सुमनकाकू आयुष्यात मोठ्यानं बोललेल्या मी ऐकलेल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मंजू, तुला काही कळलं होतं का गं?"

मी म्हणाले, "नाही, काकू."

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान विचार तरी करतो असं मला वाटायचं. मला विचार करावा लागला नाही, ते आपोआप बाहेर पडलं. काकूंनी मान हलवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना माझीच दया आली होती. काका गेले, दहावा झाला, तेरावा झाला, नांदेडची त्यांची लेक येऊन आईजवळ पंधरा दिवस राहून गेली. मी रोज जायची, पाणी भरायची, आलेल्या-गेलेल्यांना चहा करायची, आणि रोज बॅटरी पर्समध्ये तशीच घेऊन परत यायची. लोक काकूंना सांगायचे, या पोरीनं लेकीसारखं केलं. ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

शेवटी परवा गेले. दुपारची वेळ होती, काकू एकट्याच होत्या, धान्य निवडत बसल्या होत्या. मी बॅटरी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. चिकलठाण्यापासून टाकीपर्यंत. मी काय बोलले ते, काकांनी काय दिलं ते, मी तोंड फिरवून उभी राहिले ते. व्हरांड्यात खोटं बोलले तेही. काकूंचे हात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, गहू एका बाजूला. निवडता निवडताच म्हणाल्या, "वर्षभर तुला ठाऊक व्हतं."

"हो."

"अन् मी त्यांच्या ताटात वाढत होते, मला नाय. एकदा सांगायचं होतंस गं. मी हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. माझ्यावर चिडले असते. चिडू दे की." त्यांचा आवाज तेवढाच हळू होता. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला जवळ घेतील, किंवा दार दाखवतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या म्हणत होत्या ते सगळं खरं होतं, आणि कुणीतरी ते मला म्हणायलाच हवं होतं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. जाऊ नको."

मग त्याच उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. तिथं काकांची वेताची खुर्ची असते, पाठ भिंतीला लावलेली. काकूंनी ती बाजूला ओढली. "हितं बघ," म्हणाल्या. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघालेली होती, केसासारखी. मला हसू येता येता राहिलं. गावाची घरं तपासणाऱ्याच्या स्वतःच्या घरात भेग. मी माझ्याकडची जुनी बॅटरी काढली, ट्यूबच्या पट्टीची, आणि भिंतीला टेकवून आडवी धरली. भेगेवर पेन्सिलीच्या आडव्या बारीक रेघा होत्या. ही काकांची जुनी रीत. भेग वाढते की थांबलीय हे कळायला तिच्या टोकाशी रेघ मारून ठेवायची आणि पुढच्या वेळी टोक रेघेच्या पुढं गेलंय का ते पाहायचं. गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगायचे, दर अमावस्येला बघा, म्हणजे विसरायला होत नाही.

सुरुवातीच्या रेघा भेगेच्या अगदी टोकावर होत्या. एक, दोन, पाच, सात... नेमक्या. मग एक रेघ जरा डावीकडं. पुढची आणखी डावीकडं. शेवटच्या चार-पाच रेघा बोटभर बाजूला होत्या, जिथं भेग नव्हतीच, नुसती चांगली, कोरडी भिंत होती.

"दर अमावस्येला सकाळी हितं उभे राहायचे," काकू माझ्या मागून बोलत होत्या. "रेघ मारायचे, मग नखानं भेग चाचपायचे. रेघ एकीकडं, भेग एकीकडं. मग खुर्ची ओढून गप बसायचे. मी इचारायची, काय झालं? तर म्हणायचे, भिंत सरकायलीय. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायची, सरकू द्या, च्या घ्या." मग म्हणाल्या, "त्यांना समजलं होतं गं. नाय बोलले."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. एका खोलीत दोघं एकामागून एक जायचो, एकमेकांसाठी गप्प राहायचो, आणि त्या गप्प राहण्याला मी माया समजत होते. माया होतीच. पण एकानं जरी तोंड उघडलं असतं तर आज ते या खुर्चीत बसलेले असते, माझ्या अहवालातले ऱ्हस्वदीर्घ काढत, डोळ्यांत थेंब घालून घेताना कुरकुर करत. हे मला आता रोज आठवणार आहे, आणि ते आठवावं असंच आहे.

काकूंनी पट्ट्याची ती मोठी बॅटरी कपाटावर ठेवून दिली. मग खिडकीच्या चौकटीवरून पेन्सिलीचा एक बारका तुकडा काढला. त्या दिवशी अमावस्या होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा लावला, भिंतीपाशी वाकल्या, आणि पेन्सिल हातात धरून थांबल्या.

"कुठपर्यंत आलीय?" त्यांनी विचारलं.

"फार नाही गेली," मी म्हणाले.

"नीट बघ," काकू म्हणाल्या. "खरं सांग."

मी उजेड आणखी आडवा केला, आणि भेगेचं टोक जिथं होतं तिथं बोट ठेवलं.